दिवस राहिले? साखर तपासली का?



"घरात कुणाला साखर नाही, मी गोडही फारसं खात नाही, मग माझी तपासणी कशाला?" असे अनेकजणी विचारतात. गरोदरपणात वारेतून काही रस रक्तात मिसळतात, त्यामुळे इन्शुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेकींचे शरीर जादा इन्शुलिन तयार करून वेळ निभावून नेते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची साखर वाढते. बहुधा त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशीपोटी यायला नको. साखर 140 मिलिग्रॅम किंवा जास्त निघाली तर तो गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत ठीक निघाली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासावी. दोन तास बसणे जिवावर येते, खरे आहे. हवी तर भाजी निवडायला आणा!

आईची जादा साखर बाळाकडे जाते. बाळ फार मोठे होते, बाळंतपण अडू शकते, आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजा.

"दोन जिवांची आहेस, दुप्पट खा," असे घरात सांगतात. दुप्पट नको, पण उपासही नको. भाकरी, उसळ, पालेभाजी थोडी थोडी चार-पाच वेळा खा. साखर-गूळ टाळा, जेवणानंतर चाला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर औषध देतील. इन्शुलिनच्या सुईला भिऊ नका. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि बाई दवाखाना विसरते. इथेच चूक होते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, पुढेही तपासत राहा. साखर वाढलेली असताना दिवस राहिले तर बाळाच्या हृदयात, मणक्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. हे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो. तेव्हा साखर ताब्यात येईपर्यंत पाळणा लांबवा. तांबीने साखर वाढत नाही. ती काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. निरोधही चालतो. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एवढे यजमानांनाही वाचून दाखवा: मुले पुरेशी झाली असतील तर बिनटाक्याची नसबंदी पुरुषाने करून घ्यावी. ती सोपी आहे, त्याच दिवशी घरी जाता येते. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे.