उंदीर पडला, तर सांगावें कोणीं?

इतिहासाचा पाठ चालला असतां एका मुलानें आम्हांस विचारलें, “सर, घरांत उंदीर पडला, हें लोक लपवीत कां असत?” तास संपला, पण प्रश्न मनांतून जाईना. जनावरांपासून मनुष्यास जडणाऱ्या रोगांसाठीं सिद्धता कशी करावी, हा विषय वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे. त्याचा थोडा विचार येथें करूं.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. या रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें यर्सिन यांस सांपडला होता. परंतु उंदराच्या अंगावरील पिसू तो मनुष्यापर्यंत पोंचविते, हें सिमाँ यांनीं कराचीस दाखवून दिलें तें १८९८ सालीं. म्हणजे साथ आली तेव्हां ज्ञान अपुरें होतें. अज्ञान हा दोष नव्हे. पण अज्ञान असतां केवळ बळाचा आश्रय करणें हा दोष खास होय.

पुण्यास १८९७ सालीं तेंच घडलें. त्या वर्षीं झालेल्या साथरोगांच्या कायद्यानें सरकारास मोठे अधिकार दिले. गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेत, रोग्यास इस्पितळांत व त्याच्या माणसांस वेगळ्या छावणींत नेत, सामान जाळीत. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले, आणि लपविलेला रोग अधिक पसरतो. २२ जून रोजीं प्लेग अधिकारी रँड यांजवर गोळी झाडण्यांत आली. हत्येचें समर्थन कोणीही करूं नये. तथापि विश्वास गमावलेली व्यवस्था रोग आवरूं शकत नाहीं, हें त्यावरून शिकावें. त्याच सालीं सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली. ती करीत असतां सावित्रीबाईंस रोग जडला व १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. रोग्याच्या दारीं शिपाईही गेले आणि सावित्रीबाईही गेल्या. जाण्याची रीत मात्र निराळी.

दुसरें उदाहरण अलीकडचें. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला आणि लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. सरकारनें भरपाई दिली, हें योग्यच झालें. “माझ्या कोंबड्या मरत आहेत,” असें जो प्रथम सांगतो, त्याचेंच उत्पन्न बुडतें. रक्षण मात्र सर्वांचें होतें. एकानें सर्वांसाठीं सोसलेली हानि सर्वांनीं वांटून घेणें हा न्याय आहे. ती भरपाई किती व केव्हां, हें साथ येण्यापूर्वींच ठरलेलें असावें. नाहींतर खरें बोलणें गरिबास परवडणार नाहीं.

कोणी म्हणेल, साथींत सक्ति करावीच लागते. खरें आहे, परंतु ती गरजेपुरती असावी, तिचें कारण लोकांस त्यांच्या भाषेंत आधीं सांगितलेलें असावें, आणि वेगळें ठेवलेल्या मनुष्याच्या अन्नाची व बुडालेल्या मजुरीची सोय असावी.

विद्यार्थ्यांनो, घरांत वा गोठ्यांत उंदीर, पक्षी किंवा जनावरें एकाएकीं मरूं लागलीं, तर त्यांस उघड्या हातानें शिवूं नका. वडील माणसांस सांगा. पालकांनीं ती वार्ता आरोग्य केंद्रास वा पशुवैद्यास कळवावी. ज्या घरानें कळविलें, त्याला गांवानें नांवें ठेवूं नयेत. त्या मुलाच्या प्रश्नास आमचें उत्तर इतकेंच: सांगणाऱ्यास शिक्षा होई, म्हणून लोक लपवीत. सांगणाऱ्याचा मान राखणें, हीच आपली पहिली सिद्धता.