आपण जिंकलो, ते हरले
(अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल आणि निराश चाहता : एक अभ्यास)

खेळात कोणी तरी हरणारच. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. परंतु हरणाऱ्या संघावर जीव लावणारी माणसे त्या पराभवाचे काय करतात, हा प्रश्न तितका सोपा नाही. काही रागावतात, काही पाठ फिरवतात, काही वर्षानुवर्षे त्याच बाकावर येऊन बसतात. या तिन्ही प्रकारांचा अभ्यास करावयाचा तर अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलसारखे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात तेथील तीन विद्यापीठांच्या उदाहरणांवरून चाहत्याच्या निराशेचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळ आणि त्याचा पसारा

बास्केटबॉलचा जन्मच मुळी शिक्षणसंस्थेत झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला टांगून हा खेळ सुरू केला. आपल्याकडेही तो वाय. एम. सी. ए. च्याच मार्गाने आला. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तेथे त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव जमा आहेत. कॅन्ससच्या पुरुष संघाला आजवर जे मुख्य प्रशिक्षक लाभले, त्यांत विजयांपेक्षा पराभव अधिक असणारे एकटे नेस्मिथच! खेळाचा जनकच हरलेला होता, हे प्रत्येक चिडलेल्या चाहत्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ म्हणजे जिमखान्याच्या सूचनाफलकावरील एक कागद. अमेरिकेत तसे नाही. तेथे पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे पुरुष संघ खेळतात. राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. २०२५ साली तीत ६८ संघ होते. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने ६८ पैकी ६७ संघांचा त्या स्पर्धेतील शेवटचा सामना पराभवाचाच असतो आणि उरलेल्या तीनशे संघांना तर दारातही प्रवेश नसतो. म्हणजे या व्यवस्थेत निराशा हा अपघात नसून नियम आहे. आनंद एकाच्या वाट्याला, आणि तोही एका वर्षापुरता. मग सगळेच चाहते सारखे निराश का नसतात?

पहिले उदाहरण : वैभवाच्या सावलीत

इंडियाना राज्यात बास्केटबॉल हा खेळ कमी आणि कुळाचार अधिक आहे. ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठाने १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ अशी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. १९७५-७६ च्या हंगामात हा संघ ३२ सामने खेळला आणि ३२ही जिंकला. शेवटच्या तीन अजिंक्यपदांचे प्रशिक्षक बॉब नाइट. ते शिस्तीचे कठोर, रणनीतीचे जाणकार, परंतु स्वभावाने कमालीचे तापट होते. १९८५ साली पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी रागाने खुर्ची मैदानात भिरकावली होती. पुढे सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याचे चित्रण २००० साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठाने त्यांना ताकीद दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याचे प्रकरण घडले आणि १० सप्टेंबर २००० रोजी त्यांना काढून टाकण्यात आले.

त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांचा मोर्चा विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरावर गेला. ज्या विद्यार्थ्यामुळे प्रकरण निघाले त्यालाच धमक्या आल्या. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुले ज्या विजयांसाठी मोर्चा काढत होती, त्यांतील शेवटचे अजिंक्यपद तेव्हा तेरा वर्षांचे जुने झाले होते. बहुतेक मोर्चेकरी त्या वेळी पाच-सात वर्षांचे असतील. म्हणजे ते रक्षण करीत होते ते आठवणीचे नव्हे, तर वारशाने मिळालेल्या आठवणीचे.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे प्रशिक्षक बदलण्याचा इतिहास होय. २००२ साली संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण मेरीलँडकडून ५२-६४ असा हरला. २००८ साली खेळाडूंना केलेल्या नियमबाह्य दूरध्वनींच्या प्रकरणात प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांना जावे लागले. संघ विस्कटला. नवे प्रशिक्षक टॉम क्रीन यांच्या पहिल्या हंगामात संघाने ६ सामने जिंकले आणि २५ गमावले. पहिल्या तीन हंगामांची बेरीज २८ विजय, ६६ पराभव अशी होती. १० डिसेंबर २०११ रोजी अग्रमानांकित केंटकीला शेवटच्या क्षणीच्या फेकीवर ७३-७२ असे हरवले तेव्हा प्रेक्षक मैदानात धावले. पण २०१७ मध्ये क्रीनही गेले. त्यांच्यामागून आलेले आर्ची मिलर २०२१ साली गेले. करारानुसार त्यांना द्यावे लागणारे एक कोटी डॉलरहून अधिक रुपडे देणगीदारांच्या पैशातून उभे राहिले. मग १९८० पर्यंत याच विद्यापीठातून खेळलेले माइक वूडसन आले. घरचाच माणूस, म्हणून स्वागत झाले. २०२५ च्या जानेवारीत इलिनॉयविरुद्धच्या मोठ्या पराभवात त्याच सभागृहात त्यांना काढून टाकण्याच्या घोषणा झाल्या. हंगामाअखेर तेही पायउतार झाले.

दुसरे आणि तिसरे उदाहरण : ज्यांच्याजवळ वैभवच नव्हते

शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची गोष्ट दैवाने थट्टा करावी तशी आहे. १९३९ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना याच विद्यापीठाच्या व्यायामशाळेत झाला आणि ओरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवले. यजमानांच्या संघाला मात्र या स्पर्धेत प्रवेश मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. घरी लग्न लागले आणि घरच्याला ताटावर बसायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली! २०१७ मध्ये त्यांनी व्हँडरबिल्टला ६८-६६ असे हरवले आणि पुढच्या फेरीत गोन्झागाकडून ७३-७९ असा पराभव पत्करला. हा पराभवसुद्धा तेथील चाहत्यांनी जपून ठेवला.

तिसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील कॅलटेकचे. ही संस्था विज्ञानासाठी जगप्रसिद्ध आहे. तिसऱ्या श्रेणीत खेळणारा तिचा संघ खेळण्यासाठी शिष्यवृत्ती देत नाही. १९८५ पासून आपल्या विभागीय गटातील एकही सामना या संघाने जिंकला नव्हता. ओळीने ३१० पराभव! २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध अखेरच्या क्षणांत रायन एल्मक्विस्ट या खेळाडूने एक फ्री थ्रो टोपलीत घातला आणि कॅलटेक ४६-४५ असे जिंकले. प्रेक्षकांनी मैदानात धाव घेतली.

आता ही तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. पराभवांची संख्या मोजली तर कॅलटेकचा चाहता सर्वांत दुःखी असावयास हवा. प्रत्यक्षात सर्वांत संतप्त आहे तो पाच अजिंक्यपदे असलेल्या इंडियानाचा. यावरून पहिला निष्कर्ष निघतो : निराशा पराभवाच्या प्रमाणात नसते, अपेक्षेच्या प्रमाणात असते. ज्याच्या घरी कधी सोने नव्हते तो पितळेच्या भांड्याला नाव ठेवीत नाही.

‘आपण’ आणि ‘ते’

चाहत्याच्या मनाचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यात महत्त्वाचा आहे. त्यांनी सात विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात दर सोमवारी वर्गातील मुलांचे कपडे पाहिले. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला असेल तर विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालणारी मुले अधिक, हरला असेल तर कमी! दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याविषयी विचारले. विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ हा शब्द अधिक आला, पराभवाच्या वर्णनात तो मागे पडला. आणि ज्यांना आधीच्या एका छोट्या चाचणीत ‘तुम्ही कमी पडलात’ असे सांगितले होते, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक दिसला. स्वतःच्या अपयशाने दुखावलेला माणूस दुसऱ्याच्या यशाला अधिक घट्ट धरतो, असा त्याचा अर्थ.

पुढे १९९० साली वॅन आणि ब्रॅन्स्कोम्ब यांनी दाखवले की सर्वच चाहते असे सोयीचे नसतात. ज्यांची संघाशी एकरूपता वरवरची असते ते पराभवानंतर अंग काढून घेतात. ज्यांची ती खोल असते त्यांना तसे करता येत नाही. ते ‘ते हरले’ असे म्हणूच शकत नाहीत. आणि माझ्या मते राग नेमका येथे जन्मतो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की एखादी संस्था खालावू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असेल तर सोडून जाणे लांबते आणि आवाज वाढतो. दुकान बदलता येते, शिकलेले विद्यापीठ बदलता येत नाही. म्हणून चाहता हुर्यो उडवतो. ती हुर्यो निष्ठेचीच एक रीत आहे.

परंतु निष्ठा आहे म्हणून सर्व काही क्षम्य ठरत नाही. नाइट यांच्या प्रकरणात निष्ठेने एका विद्यार्थ्याला धमक्या दिल्या. २०१८ नंतर अनेक राज्यांत खेळांवरील सट्टा कायदेशीर झाला आणि पैसे गमावलेल्यांच्या शिव्या विद्यार्थी-खेळाडूंपर्यंत थेट पोहोचू लागल्या. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. त्यामुळे ‘पैसे घेतोस मग ऐकून घे’ ही भाषा सोपी झाली आहे. तरीही मैदानावरचा मुलगा वीस वर्षांचाच असतो. प्रशिक्षकाच्या नेमणुकीवर टीका करणे हा चाहत्याचा हक्क आहे. त्या मुलाच्या चुकलेल्या फेकीवर आपल्या आयुष्याचा हिशेब चुकता करणे हा हक्क नव्हे.

आपल्यापुरते

हा सारा विचार करताना मला ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांचा खेळ फार ओळखीचा वाटला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बारावीचा निकाल लागला तेव्हा गल्लीत सगळे म्हणाले, ‘आपला पोरगा पास झाला.’ पहिल्या वर्षी इंग्रजीचा पेपर राहिला तेव्हा तीच माणसे म्हणाली, ‘त्याचा विषय राहिला.’ त्यांना मी दोष देत नाही, कारण मीही तसाच आहे. गेल्या वर्षी आपल्या कॉलेजचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी विचारले, ‘काय रे, ते हरले म्हणे?’ सामना पाहायला मी गेलोही नव्हतो. फक्त वडील त्या इंग्रजीच्या निकालाच्या दिवशी म्हणाले होते, ‘आपला एक पेपर राहिला, ऑक्टोबरात काढू.’ त्यांना त्या पेपरातले एक अक्षर वाचता येत नाही. पण त्यांनी ‘आपला’ म्हटले.

इंडियानाच्या संतप्त चाहत्यापाशी निदान हा शब्द आहे. तो ओरडतो, पण ‘आपण हरलो’ म्हणून ओरडतो. आपल्याकडे हुर्यो नाही, कारण बघायलाच कोणी नाही. या दोहोंपैकी खेळाडूला अधिक काय लागत असेल, हे कबड्डीच्या मुलांनाच विचारले पाहिजे. कॅलटेकच्या ३१० पराभवांच्या काळात दर हंगामी कोणी तरी गणवेश घालून मैदानात उतरत होते आणि कोणी तरी बाकावर येऊन बसत होते, म्हणून तर तो एक फ्री थ्रो पाहायला माणसे होती.

जिंकलेल्या संघाला ‘आपला’ म्हणायला अभ्यासाची गरज नाही. हरलेल्या संघाला ‘आपला’ म्हणणे, आणि तसे म्हणताना त्याच्या चुका स्पष्ट सांगणे पण त्याच्या खेळाडूंचा अपमान न करणे, ही मात्र शिकावयाची गोष्ट आहे. पुढच्या सामन्याचा कागद जिमखान्याच्या फलकावर लागेल तेव्हा तो थांबून वाचावा, एवढीच माझी वाचकांस आणि प्रथम स्वतःस विनंती.