पाण्याच्या कुंडीतले दोन व्होल्ट

पाण्याला तोंड लावताच मान झटकून मागे सरणे, तहान असूनही पाणी ओढून न पिता जिभेने चाटत राहणे, धारेच्या वेळी एका ठरावीक जागीच पाय उचलणे आणि पान्हा चोरणे ही दुभत्या जनावराची लक्षणे कोकणातील गोठ्यांत बहुधा दृष्ट, वैरण किंवा जनावराचा खोडसाळपणा यांच्या नावावर खपतात. त्यामागे वीज असेल ही शंका सर्वांत शेवटी येते, कारण त्याच कुंडीत हात घालणाऱ्या माणसाला काहीच जाणवलेले नसते. जनावर ज्या दोन जागांना एकाच वेळी स्पर्श करते, उदाहरणार्थ कुंडीतील पाणी आणि खुरांखालची ओली जमीन, त्यांच्यामध्ये निर्माण होणाऱ्या अल्प विद्युतदाबास भटका विद्युतदाब म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात आणि न्यूझीलंड व अमेरिकेत १९६० च्या दशकात दूधगोठ्यांतून त्याची नोंद झाली, तर अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९१ मध्ये या एकाच विषयावर पुस्तिका काढली.

माणसाला न कळणारे गाईला कळते याचे कारण साधे आहे. गाईच्या तोंडापासून खुरांपर्यंतचा विद्युतरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोजणीसाठी ५०० ओहम धरला जातो, आणि ती शेणामुताने भिजलेल्या जमिनीवर चार पायांनी उभी असते. चप्पल घातलेल्या, कोरड्या हाताच्या माणसाचा रोध त्याच्या कितीतरी पट असतो. एका व्होल्टाला गाईच्या अंगातून २ मिलिअँपिअर प्रवाह जातो, जो काही संवेदनशील जनावरांना जाणवू शकतो, आणि ३ ते ४ मिलिअँपिअरच्या आसपास वागणुकीतील बदल दिसू लागतो. दचकलेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढले की पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते, धार अर्धवट राहते आणि कासेत साचलेल्या दुधाने कासदाहास वाव मिळतो. तथापि नियंत्रित प्रयोगांत एवढ्या लहान प्रवाहाचा परिणाम मुख्यतः वागणुकीवरच दिसला. दूध घटते ते बव्हंशी पाणी कमी पिण्यामुळे. त्यामुळे गोठ्यातल्या प्रत्येक कासदाहाचे खापर विजेवर फोडणे हेही दृष्ट काढण्याइतकेच अशास्त्रीय होय.

सिंधुदुर्गातील पिंगुळीसारख्या गावी या प्रश्नाला जमिनीची जोड मिळते. कोकणातील जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की विजेला वाट देत नाही, म्हणून मृगाच्या पावसात चांगले वाटलेले अर्थिंग चैत्र-वैशाखात निकामी झालेले असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पंप सर्वाधिक चालतो. अर्थिंगचा रोध १०० ओहमपर्यंत वाढला आणि मोटरमधून २० मिलिअँपिअर गळती होत असली, तर त्या अर्थिंगला जोडलेल्या सर्व लोखंडी वस्तूंवर २ व्होल्ट चढतात. घरात बसविलेला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, या गळतीला पडेलच असे नाही. माणसाचा जीव वाचविण्यासाठी केलेल्या उपकरणाकडून गाईचे गाऱ्हाणे ऐकण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

प्रस्तुत लेखकाच्या पिंगुळीतील गोठ्यात हाच प्रकार घडला. वायरमनने नळाला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही आणि वीज निर्दोष ठरली. वस्तुतः निऑनचा टेस्टर पेटण्यास बराच अधिक दाब लागतो, त्यामुळे दोन-चार व्होल्ट त्याला दिसणे शक्यच नव्हते. पुढे मल्टिमीटरने पाहता पंप चालू असताना कुंडीत उतरलेल्या जीआय पाईपवर दोन व्होल्टांच्या आसपास दाब आढळला, आणि विहिरीच्या काठावर टेप गुंडाळून केलेला, आत हिरवट गंज धरलेला केबलचा जोड हे त्याचे मूळ निघाले.

मोजणी करताना मल्टिमीटर एसीवर ठेवून त्याची एक तार पाण्यात किंवा नळावर आणि दुसरी गाईचे खूर जेथे टेकतात तेथे वजनाखाली दाबलेल्या धातूच्या पट्टीवर लावावी, व दोन्ही टोकांमध्ये ५०० ओहमचा रेझिस्टर जोडावा. तो नसेल तर मीटर गाईपर्यंत न पोहोचणारा फसवा दाबही दाखवितो. त्यानंतर पंप, कडबाकुट्टी, पंखा अशी एकेक वस्तू बंद करीत आकडा कोठे पडतो ते पाहावे. वानर, रानडुक्कर, गवे यांच्यासाठी बसविलेल्या झटका मशीनचे अर्थिंग गोठ्याच्या पाईपाजवळ असल्यास त्याचे ठोकेही कुंडीत पोहोचतात. त्याचा खुंटा गोठ्यापासून दूर रोवावा. न्यूट्रल नीट येत नाही म्हणून अर्थिंगवर दिवा किंवा मोटर चालविण्याची जी वहिवाट काही ठिकाणी दिसते, ती तर सगळा प्रवाह सरळ जमिनीत ओतते आणि माणसाच्याही जिवावर बेतू शकते.

उपाय करताना कुंडीतला दाब जावा म्हणून अर्थिंगची तार तोडणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण मोटर पूर्ण जळून शॉर्ट झाली तर २३० व्होल्ट कुंडीत उतरतील. गळतीचे मूळ दुरुस्त करणे हाच खरा उपाय. नवा गोठा बांधताना मात्र कोब्यात लोखंडी जाळी घालून ती गव्हाणीच्या व दावणीच्या लोखंडाशी जोडावी, म्हणजे खूर आणि तोंड एकाच दाबावर राहतात. जाळीची कड दारात एकदम संपवू नये, नाही तर मातीवरून आत येणाऱ्या जनावराला पहिल्याच पावलाला झटका बसतो. तेथे ती उतरती करून खोल न्यावी.

घरचा मेन स्विच पूर्ण बंद करूनही दाब उरला, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये, शेजारच्या पंपात किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमध्ये शोधावा लागतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पडले होते. अशा वादळानंतर घाईने केलेले जोड विशेष तपासून घेण्याजोगे असतात. दोष बाहेरचा वाटल्यास सकाळी, दुपारी आणि सर्वांचे दिवे-पंखे चालू असताना रात्री घेतलेली मापे वेळेसह लिहून ती वीज वितरण कार्यालयात तक्रारीसोबत द्यावीत, कारण रात्रीचा भार वाढताच दाब वाढत असेल तर न्यूट्रलचा दोष संभवतो, आणि भर दुपारी फक्त पंपाच्या वेळेत वाढत असेल तर शेजारच्या विहिरीपासून शोध सुरू करता येतो.