मूळव्याध की गळू?

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरात असतात. मल आणि वायू रोखून धरायला त्यांची मदत होते. बद्धकोष्ठ, सततचे कुंथणे किंवा गरोदरपण यामुळे या गाद्या फुगून खाली सरकल्या की मूळव्याध होते. गळू वेगळ्या वाटेने येते. गुदमार्गाच्या भिंतीत बारीक ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की आत जंतू वाढतात, पू साठतो आणि स्नायूंच्या मधल्या फटीतून सरकत कातडीखाली किंवा त्याहून खोल पोचतो. एक विकार रक्तवाहिन्यांचा, दुसरा जंतुसंसर्गाचा. पण दुखणे अवघड जागेचे असल्यामुळे कोणी दाखवत नाही, घरात बोलत नाही, आणि तिथल्या प्रत्येक तक्रारीला परस्पर ‘मूळव्याध’ हे नाव मिळून जाते.

दोन्हींतला फरक ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दुखण्याची जात. आतली मूळव्याध सहसा दुखतच नाही, कारण त्या भागातल्या अस्तराला कातडीसारखी वेदना कळत नाही. तिथून शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंबथेंब पडते, कोंब बाहेर येतो आणि आपोआप किंवा बोटाने आत जातो. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी झाली तर मात्र अचानक निळसर, टणक गाठ येते आणि ती फार दुखते. तरीही हे दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत कळस गाठून पुढे उतरू लागते.

गळवाचे दुखणे उतरत नाही. आज बोचते, उद्या ठसठसते, परवा ठणका लागून झोप उडते. शौचाला जा किंवा जाऊ नका, ते थांबत नाही. खोकला आला तरी कळ उठते. असा रुग्ण दवाखान्यातल्या बाकावर सरळ टेकत नाही. एका कुल्ल्यावर भार देऊन तिरका बसतो, नाहीतर नंबर येईपर्यंत उभाच राहतो. गुदद्वाराशेजारची कातडी लाल, गरम आणि ताणलेली असते, अंगात कणकण असते. शौचाच्या वेळी चिरल्यासारखी आग आणि त्यानंतर तास-दोन तास जळजळ असेल, तर ते तिसरेच दुखणे, म्हणजे फिशर.

चुकीचा प्रवास बहुतेक एकाच रस्त्याने होतो. औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचे मलम येते. मग वेदनाशामक गोळी; तिने तापही दबतो, आणि धोक्याची मोठी खूण झाकली जाते. कोणी बिब्बा सुचवतो, त्याने कातडीला फोड येऊन आणखी जखम होते. ‘पिकू दे, आपोआप फुटेल’ हा सल्ला तर सर्वांत घातक, कारण इथला पू कातडीकडे येण्याऐवजी आतल्या चरबीत पसरू शकतो. खोल गळवात बाहेर काहीच दिसत नाही. फक्त ताप, आत जडपणा, कधी लघवीला अडथळा. अशा वेळी बोटाने तपासणी आणि गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय करावे लागते. मधुमेह असलेल्यांनी तर एक रात्रही थांबू नये. संसर्ग वेगाने पसरून आजूबाजूच्या पेशी कुजल्या तर जीव धोक्यात येतो.

गळवावर उपचार एकच: चीर देऊन पू बाहेर काढणे. नुसत्या अँटिबायोटिकने साठलेला पू जात नाही. मधुमेह, कमी प्रतिकारशक्ती किंवा आजूबाजूला पसरलेली लाली असेल तर डॉक्टर ती जोडीला देतात. चीर दिल्यावर ठणका बहुधा त्याच दिवशी कमी होतो. जखम टाके न घालता उघडी ठेवतात, कारण ती तळापासून भरत यायला हवी. वरचे तोंड आधी मिटले तर पू पुन्हा साठतो. या काळात कोमट पाण्याच्या टबात बसणे आणि रोज ड्रेसिंग, हे कंटाळवाणे वाटले तरी सोडू नये.

मूळव्याधीत घाई नसते. इसबगोल, पालेभाज्या, भरपूर पाणी, शौचालयात मोबाइल घेऊन न बसणे, एवढ्याने सुरुवातीचे बरेच रुग्ण सावरतात. त्याने भागले नाही तर कोंबाच्या मुळाशी रबरबँड लावतात किंवा इंजेक्शनने तो सुकवतात. मोठ्या, बाहेरच राहणाऱ्या कोंबांना शस्त्रक्रिया लागते. गुठळीची गाठ पहिल्या 72 तासांत काढली तर लवकर आराम पडतो; नंतर ती आपोआप विरघळू देणेच बरे. मात्र पन्नाशीच्या आसपास नव्याने रक्त पडू लागले, शौचाची सवय बदलली किंवा वजन घटले, तर कोंब दिसत असला तरी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त जाते.

गळू बरे झाले तरी अनेकांच्या बाबतीत आतल्या ग्रंथीपासून कातडीपर्यंत एक बारीक मार्ग उरतो. तोच भगंदर. जखम भरल्यासारखी वाटते, पुन्हा ओलसर होते, कपड्याला पिवळट डाग पडतो, मध्येच सूज येऊन फुटते. त्यावर मलम चालत नाही. मार्ग किती स्नायूंतून जातो हे पाहून तो उघडतात किंवा त्यात दोरा घालतात. सुश्रुतसंहितेत सांगितलेले क्षारसूत्र याच कामाचे आहे. औषधी लेपाचा तो दोरा ठरावीक दिवसांनी बदलत मार्ग हळूहळू कापला आणि भरला जातो. मलावरचा ताबा ज्या स्नायूवर अवलंबून असतो तो जपायचा असल्याने हे काम त्यातल्या जाणकाराकडेच सोपवावे लागते.