टायरची निवड : काळी माती, जांभा आणि फरशी

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते आणि ट्रॅक्टरच्या चाकास रबरी टायर असतो. भार वाहणे व भूमीस धरून पुढे सरकणे हे दोहोंचे कार्य एकच. परंतु भूमी सर्वत्र सारखी नसते, हे आपल्या सीमाभागात निराळे सांगावयास नको. काळी रेगूर पावसात फुगते व चाकास चिकटते. बीदरच्या पठारावर जांभ्याचे खरखरीत खडे आहेत. आणि कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादकडे फरशीच्या दगडाच्या कडा धारदार असतात.

गतवर्षी मृगाच्या पावसानंतर रानास वाफसा आला, तेव्हा आमच्या काकांचा ट्रॅक्टर खोलगट भागातील ओलीत रुतला. मागील टायर झिजून गुळगुळीत झाले होते. चाक जागच्या जागी फिरे आणि अधिकच खोल जाई. दोन दिवस गेले, वाफसाही गेला आणि पेरणी लांबली. नवे टायर घेण्यापूर्वी मग आम्ही पुढील गोष्टी समजून घेतल्या.

पहिली गोष्ट नक्षीची. ओल्या काळ्या मातीसाठी पट्ट्या उंच, तिरप्या व एकमेकींपासून दूर असाव्यात. चाक पुढे जाताना त्यांचे बाणासारखे टोक प्रथम भूमीस टेकले, तर चिखल दोन्ही बाजूंस ढकलला जातो व खाचा मोकळ्या राहतात. टायर उलटा बसविल्यास हा गुण कमी होतो. उलटपक्षी, खडकाळ माळावर व डांबरी रस्त्यावर जवळजवळ बसविलेले, कमी उंचीचे ठोकळे सावकाश झिजतात. सर्व भूमींवर चालणारा टायर ही या दोहोंतील तडजोड होय; म्हणून आपले वाहन अधिक तास कोठे चालते, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. एका चाकावर ६०० किलो भार असून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो असेल, तर टायर ढोबळ मानाने २०० चौरस सेंटिमीटर भूमीवर टेकतो. दाब दीड किलो केल्यास हे क्षेत्र ४०० होते. साहजिकच चाक कमी रुतते. मात्र उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेखाली दाब नेऊ नये. कमी हवेवर भरधाव गेल्यास टायरच्या भिंती वारंवार वाकून तापतात व फाटतात.

तिसरी गोष्ट टायरवरील आकड्यांची. १३.६-२८ यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. पी. आर. हा आकडा बळकटीचे माप आहे, थरांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. तुरीच्या काढणीनंतर राहिलेली टणक धसकटे टायरमध्ये घुसतात, तेथे ही बळकटी उपयोगी पडते. चार अंकी खुणेत २३२४ असे असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापविलेले रबर टिकाऊ होते असे आढळले. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर प्रचारात आणला. त्यांचे श्रम आपल्या रानात सार्थकी लावावयाचे, तर खरेदीपूर्वी प्रथम आपली माती पाहावी, मग किंमत.