आधी मूठ, मग पिस्तूल

चि. बाळ,


फोनवर तू तीन पिस्तुलांचे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ लिहिलीस: "काका, 900 डॉलर आहेत, यातलं कुठलं घेऊ?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण तुझ्या वयाचा असताना मी असंच एका शब्दाचं उत्तर कुणाकडून तरी घेतलं आणि त्यापायी दोन वर्षं घालवली. म्हणून आज रविवारची सकाळ काढून सविस्तर लिहितो आहे. चहा घेऊन निवांत वाच.

तू पाठवलेल्या तिन्हींपैकी दोन नऊ मिलिमीटरची आहेत. ती आधी बाजूला ठेव. दिसायला देखणी आहेत, दुकानात हातात घेतली की सोडवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण तुला नेमबाजी शिकायची आहे, आणि ती .22 वर शिकतात. नऊ मिलिमीटरचा धक्का आणि आवाज दोन्ही मोठे. दहा-वीस फैरींनंतर हात आपल्या नकळत धक्क्याची वाट पाहू लागतो, चाप ओढण्याआधीच मनगट दचकतं आणि गोळी खाली जाते. ही खोड एकदा जडली की काढायला महिने जातात. शिवाय अशा बहुतेक पिस्तुलांत प्रत्येक फैरीला नळी किंचित कलते आणि पुन्हा जागेवर बसते. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच सरकत्या स्लाइडवर बसवलेली असते. दर वेळी हे सगळं त्याच जागी, केसभरही इकडेतिकडे न होता बसावं लागतं. ते तसं बसवायचं म्हणजे कसबी कारागीर हवा आणि त्याचे पैसे हवेत. .22 मध्ये नळी जागची हलतच नाही.

काडतुसांचा खर्चही बघ. चांगल्या .22 स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाला साधारण 10 सेंट पडतात, नऊ मिलिमीटरला त्याच्या दोन-तीन पट. आठवड्याला दीडशे फैरी झाडायच्या म्हटलं तर वर्षाच्या शेवटी हा फरक पिस्तुलाच्या किमतीएवढा होतो.

आता अचूकपणाबद्दल. उन्हाळ्यात आमच्याबरोबर बाहेरच्या रेंजवर येशील तेव्हा तुला 900 गुणांची स्पर्धा खेळायची आहे. एका हाताने 90 फैरी, काही 50 यार्डांवर सावकाश, काही 25 यार्डांवर पाच फैरी 20 सेकंदांत आणि शेवटी पाच फैरी 10 सेकंदांत. 50 यार्डांवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ 3.36 इंच व्यासाचं, म्हणजे तळहातात मावेल एवढं. वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडलं तर कुठलंही धड .22 पिस्तूल, त्याला मानवणारी काडतुसं दिली की, त्या वर्तुळात फैरी ठेवतं. पिस्तूल तेवढं करतंच. चुकतो तो आपला हात.

हे किती चुकतं याचा हिशेब एकदा कागदावर मांड. माशी आणि खाच यांच्यामध्ये 200 मिलिमीटर अंतर आहे असं धर. माशी खाचेच्या मधोमध नसून अर्धा मिलिमीटर बाजूला आहे. 50 यार्डांवर ती चूक 11 सेंटिमीटरांहून मोठी होते, म्हणजे दहा गेला, नऊही गेला. पण माशी खाचेत नीट बसलेली असताना अख्खा हातच अर्धा सेंटिमीटर डावीकडे सरकला, तर गोळीही तेवढीच, अर्धा सेंटिमीटर सरकते. म्हणून हात डोलतो याची काळजी करू नकोस, सगळ्यांचा डोलतो. माशीवरची नजर सोडू नकोस. आणि यासाठीच पिस्तूल निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगेन: मूठ, ट्रिगर, आणि माशी-खाच कशावर बसवली आहे ते.

शेवटच्या गोष्टीला एक जुना किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बिल रुगर या तरुण कारागिराच्या हाती जपानी नाम्बू पिस्तुलं लागली. त्यांची रचना त्याने आपल्या गॅरेजमध्ये उलगडून पाहिली. अलेक्झांडर स्टर्म या मित्राने 50,000 डॉलर घातले आणि 1949 मध्ये कनेक्टिकटमधल्या साऊथपोर्ट गावातून त्यांचं पहिलं .22 पिस्तूल बाजारात आलं. किंमत 37.50 डॉलर. इतकं स्वस्त कसं? मुठीचा सांगाडा ओतीव नव्हता. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून घडवायचे आणि जोडावर वेल्ड करायचे. वर एक गोल नळकांडं, त्यात पुढून नळी आटे पाडून घट्ट बसवलेली, आणि नळकांड्याच्या पोटात बोल्ट मागेपुढे सरकतो. माशी नळीवर, खाच नळकांड्यावर, दोन्ही एकमेकांशी पक्की जखडलेली. फैर झाडताना हलतो तो फक्त आतला बोल्ट. जी युक्ती स्वस्ताईसाठी केली तिच्यातूनच अचूकपणा आला. स्टर्म 1951 मध्ये अगदी तरुणपणी गेला. तोपर्यंत पिस्तुलाच्या मुठीवर लाल गरुड असायचा. मित्राच्या आठवणीसाठी रुगरने तो काळा केला. माझ्याकडचं मार्क टू हे त्याच घराण्यातलं. ते हातात घेतलं की मला अजून त्या काळ्या गरुडाची आठवण होते.

त्या घराण्यातलं मार्क टू 1982 मध्ये आलं आणि मार्क फोर 2016 मध्ये. आधीची मॉडेलं साफ करायला उघडली की परत जोडताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. मार्क फोर मागचं एक बटण दाबलं की उघडतं. नवं साधं मार्क फोर 500-600 डॉलरच्या आसपास मिळतं, हलक्या मुठीचं 22/45 त्याहून थोडं कमी. ब्राउनिंगचं बक मार्क त्याच पंक्तीतलं, आणि मूळचा ट्रिगर त्याचा जास्त स्वच्छ, असं माझं मत आहे. स्मिथ अँड वेसनचं एसडब्ल्यू 22 व्हिक्टरीही चांगलं. मॉडेल 41 हे त्यांचं 1957 पासूनचं जुनं नाव, फार सुंदर घडवलेलं, पण 1500 डॉलरच्या पुढे, आणि तुला आज त्याची गरज नाही.

मी पहिल्यांदा पैसे साठवून एक युरोपी स्पर्धेचं पिस्तूल घेतलं होतं. क्लबातल्या सर्वांत चांगल्या नेमबाजाच्या हातात तेच होतं, म्हणून. त्याचा पंजा माझ्या दीडपट. लाकडी मूठ माझ्या हातात बसेना, चापापर्यंत बोट पोचवायला मनगट वळवावं लागे. साधी काडतुसं त्यात अडकत, महाग काडतुसं परवडत नसत, म्हणून सराव होईना. गुण घसरत गेले आणि मी दोष माझ्या डोळ्यांना देत राहिलो. अखेर ते विकलं, जुनं मार्क टू घेतलं आणि उरलेल्या पैशांची काडतुसं आणली. पहिल्याच हिवाळ्यात माझे गुण सुधारले.

म्हणून आधी मूठ. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहून घे, नळी सुरक्षित दिशेला ठेव, एका हातात धर, डोळे मिट, हात खांद्यापर्यंत उचल आणि मग डोळे उघड. माशी खाचेत आहे का? ती वर डोकावत असेल किंवा खाली बुडाली असेल, तर त्या मुठीचा कल तुझ्या मनगटाला जमत नाही. मार्क फोरच्या मुठीचा कल तिरका आहे, जुन्या जर्मन लुगरसारखा, 22/45 चा .45 पिस्तुलासारखा उभट. पुढे कधी .45 च्या फेरीत उतरायचं मनात असेल तर उभट मूठ सोयीची. तुझे हात तुझ्या आजीसारखे लहान आहेत. बोटाचं पेर चापावर सरळ, बाजूला न ओढता पडतं का, हे नीट बघ.

मग ट्रिगर. कोवळ्या भेंडीचं टोक मोडून बघतेस ना? ते टचकन तुटतं. जून भेंडी वाकत राहते, मोडेल असं वाटतं आणि मोडत नाही. ट्रिगर कोवळ्या भेंडीसारखा हवा. तो किती जड आहे ही गोष्ट दुय्यम, आपल्या स्पर्धेत .22 ला दोन पौंडांपेक्षा हलका चालतच नाही, आणि सुरुवातीला तीन पौंडही चालेल. रुगरचे मूळचे ट्रिगर बऱ्याचदा जून भेंडीसारखे असतात, हे मान्य करायला हवं. ते भाग बदलता येतात, पण जाणत्या गनस्मिथकडून. व्हिडिओ बघून स्वतः कानस घेऊन बसू नकोस.

माशी-खाचेऐवजी लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट मात्र आत्ता नको. तो आपल्या स्पर्धेत चालतो आणि माझ्या वयाचे बहुतेकजण तोच वापरतात, कारण आमच्या डोळ्यांना माशी स्पष्ट दिसत नाही. तुझे डोळे तरणे आहेत. डॉटमध्ये हाताचं प्रत्येक डोलणं मोठं होऊन दिसतं. नवखा माणूस घाबरतो आणि लाल ठिपका मध्ये आला रे आला की चाप हिसकतो. एक हिवाळा माशीवर काढ, मग बघू.

जुनं घेणार असशील तर बोल्ट मागे ओढून टॉर्चने चेंबरची कड बघ. रिकामं पिस्तूल बेफिकिरीने झाडलं असेल तर फायरिंग पिनने तिथे खाच पाडलेली असते, आणि मग काडतुसं अडकतात. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेला ओरखडा नको. मॅगझिन किमान दोन हवीत. मार्क फोर 1 जून 2017 पूर्वी बनलेलं असेल, तर सेफ्टीतल्या दोषामुळे कंपनीने तशी पिस्तुलं परत बोलावून दुरुस्त करून दिली होती. सीरियल नंबरवरून तपासून घे.

माझं मार्क टू तुला उचलून द्यावं असं फार वाटतं. पण मी ओहायोत, तू पेनसिल्व्हेनियात. राज्याबाहेरच्या माणसाला, मग ती सख्खी पुतणी का असेना, पिस्तूल असं हातोहात देता येत नाही. तुझ्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदारामार्फतच जावं लागतं. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागेल आणि तुझी पार्श्वभूमी तपासली जाईल. त्यातलं एकेक उत्तर नीट वाचून, खरं लिही. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला घेता येतं. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या लोकांना, मोजके अपवाद सोडले तर, बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तुझ्या ऑफिसातला कुणी मित्र "एकदा मलाही दे" म्हणाला, तर भिडेखातर देऊ नकोस.

आणि आता तुझ्या आईबद्दल, वहिनींबद्दल. मागच्या आठवड्यात त्यांचा कोल्हापूरहून फोन आला होता. आवाज रडवेला होता. "भावजी, तुम्ही तिला नाही म्हणा," म्हणाल्या. मी त्यांना राहीची आठवण करून दिली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं तेव्हा वहिनींनीच मला फोन करून उठवलं होतं, आपल्या कोल्हापूरची पोरगी म्हणून. तिच्या हातातलंही हेच .22. त्या थोड्या शांत झाल्या, पण त्यांची भीती खोटी नाही. या देशात घराघरांत बंदुकींमुळे काय होतं ते आपण रोज वाचतो. तू दोन मैत्रिणींबरोबर राहतेस. पिस्तूल घरात येण्याआधी पोलादी पेटी आली पाहिजे, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली, आणि तिची किल्ली फक्त तुझ्याकडे. काडतुसं वेगळ्या कुलपात. मैत्रिणींना आधी विचार. त्यांच्यापैकी एकीलाही नको असेल, तर पिस्तूल घरी ठेवायचं नाही. क्लबात लॉकर मिळतो का ते बघू. आणि कधी तुझं मन फार खचलेलं असेल, तर किल्ली माझ्याकडे दे. कारण विचारणार नाही. हे वाचून रागावू नकोस. मी माझ्या मित्रालाही हेच सांगून ठेवलं आहे आणि एकदा त्याच्याकडे किल्ली दिलेलीही आहे.

तर 900 चा हिशेब असा: चांगलं वापरलेलं पिस्तूल 450, पेटी 90, कानाची आणि डोळ्यांची साधनं 60, आणि उरलेल्या 300 ची काडतुसं, म्हणजे सुमारे 3000 फैरी. सगळी एकाच जातीची घेऊ नकोस. आधी चार-पाच जातींचा एकेक डबा आण. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ती झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. फक्त हाय व्हेलॉसिटी नको. 

पण आत्ता काहीच विकत घेऊ नकोस. येत्या शनिवारी इकडे ये. माझं मार्क टू, क्लबातलं एक 22/45 आणि एका मित्राचं बक मार्क मी रेंजवर मांडून ठेवतो. तिन्हींनी पन्नास-पन्नास फैरी झाड, कागद जपून ठेव, संध्याकाळी टेबलावर पसरून बघू. बंद बुटांत ये, आणि गळ्याशी उघडा सदरा नको, तापलेलं टरफल आत पडतं. काकूने थालीपिठाची भाजणी काढून ठेवली आहे. निघताना फोन कर.

तुझा,
काका