संगणकाची लहान पेटी : एका आराखड्याचा अभ्यास

आमच्या शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या मेजाशेजारी जो संगणक होता, त्याची पेटी २० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर उंच व तितकीच खोल होती. घनफळ काढल्यास ते ४०.५ लिटर भरते, म्हणजे दोन मोठ्या घागरींत मावणाऱ्या पाण्याएवढे. ती उघडली तेव्हा आत बहुतेक पोकळीच दिसली. मेजाखालच्या ३५ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच कप्प्यात बसेल अशी पेटी आपणच का करू नये, असा विचार त्या दिवशी आम्हां विज्ञानमंडळाच्या विद्यार्थ्यांच्या मनात आला. कप्पा पुढून व मागून उघडा आहे, ही त्यातल्या त्यात सोय होती.

अशा कामास हात घालता येतो याचे कारण, संगणकाच्या भागांची मापे जगभर ठरलेली आहेत. इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप पुढे आणले; त्यात मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, ३०५ × २४४ मिलिमीटरची असते. पुढे २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स हे १७० मिलिमीटर चौरसाचे माप मांडले. पाटीवरील स्क्रूंची छिद्रे कोठे असावीत आणि मागील जोडण्यांची खिडकी केवढी असावी, हेही त्यात ठरलेले आहे. ज्याप्रमाणे विटेचे माप ठाऊक असलेला गवंडी वीट पाहण्यापूर्वीच भिंतीचा हिशेब मांडतो, त्याचप्रमाणे आम्हांसही भाग हाती येण्यापूर्वी कागदावर पेटी काढता आली. वीज पुरविणारा डबा आम्ही एसएफएक्स मापाचा निवडला. तो १२५ मिलिमीटर रुंद, १०० खोल व ६३.५ उंच असतो.

पहिला आराखडा सोपा वाटला. मदरबोर्ड आडवा ठेवून त्याच्या बाजूस विजेचा डबा ठेवला, की रुंदी १७० अधिक १२५, म्हणजे २९५ झाली. आम्ही ३०० धरली. उंचीसाठी खालून वर मोजत गेलो : पाटीखालील खुंट्या ६.५ मिलिमीटर, पाटीची जाडी १.६, त्यावर प्रोसेसरचा माथा सुमारे ७.५ आणि त्यावरील पंख्यासहित शीतक ४७. बेरीज ६२.६ झाली, म्हणून आतली उंची ७० ठेवली. खोली १७६. घनफळ ३.७ लिटर! चाळीस लिटरांवरून पावणेचारांवर आल्याचा आम्हांस फार अभिमान वाटला. जेथे जेथे मोकळी जागा दिसे, तेथे तेथे ती आम्ही कापीत होतो.

पुठ्ठ्याच्या नमुन्यात सर्व भाग नीट बसले. मग उद्यमबागेतील एका कारखान्यात एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून घेतला आणि तेथेच आमची पहिली फजिती झाली. पुठ्ठ्याच्या दुमडीत जाडीचा विचार केला नाही तरी चालून जाते, पत्र्याच्या दुमडीत चालत नाही. पत्रा वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून पत्रा कापला, तर पेटी इच्छेपेक्षा मोठी होते. आमच्या पत्र्यास प्रत्येक काटकोनी दुमडीमागे सुमारे १.७ मिलिमीटर वजा करावे लागत होते. झाकणाच्या दोन बाजू ७१-७१ व माथा ३०२, बेरीज ४४४. प्रत्यक्षात कापावयास हवा होता सुमारे ४४०.६. तेथील मिस्त्रीकाकांनी आमचा कागद पाहताच, "पोरांनो, दुमड धरली नाही वाटतं?" असे विचारले होते. आम्ही मान हलविली, पण प्रश्न कळला नव्हता.

दुसरे झाकण बरोबर बसले. संगणक सुरू झाला. परंतु त्यास जड काम दिले, की थोड्याच वेळात तो मंदावू लागे. झाकण काढले की तापमान उतरे व वेग पूर्ववत होई, झाकण लावले की पुन्हा तेच. प्रोसेसर फार तापला तर स्वतःस वाचविण्याकरिता आपला वेग आपणच कमी करतो, हे तेव्हा समजले.

कारण शोधण्यासाठी आम्ही नवव्या इयत्तेच्या पदार्थविज्ञानाकडे वळलो. सर्व भाग मिळून १०० वॅट उष्णता बाहेर टाकतात असे धरू. पेटीतून जाणारी हवा १० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू नये, अशी अट घालू. एक किलोग्राम हवा एक अंश तापविण्यास सुमारे १००० ज्यूल उष्णता लागते. तेव्हा दर सेकंदास १० ग्राम हवा खेळती हवी. आपल्याकडील उन्हाळ्यात तिचे आकारमान सुमारे साडेआठ लिटर होते. पेटी तर ३.७ लिटरांची! म्हणजे आतली सारी हवा प्रत्येक सेकंदास दोनदा बदलली पाहिजे. भागांनी व्यापलेली जागा वगळली तर त्याहूनही अधिक वेळा. आम्ही झाकणाचा माथा अखंड ठेवून केवळ बाजूस काही फटी ठेवल्या होत्या. शीतकाचा पंखा झाकणापासून अवघ्या सात मिलिमीटरांवर होता, आणि आपणच बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा ओढून घेत होता. जी जागा आम्ही निरुपयोगी समजून कापली, तीच हवेची वाट होती.

तिसऱ्या आराखड्यात प्रथम हवेची वाट काढली व भाग तिच्या कडेने मांडले. दोन्ही पंख्यांवर झाकणास जाळी ठेवली. येथे भूमितीने फार मदत केली. तीन मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाच मिलिमीटर अंतराने चौकटीत मांडली तर पत्र्याचा केवळ २८ टक्के भाग उघडा होतो. तीच छिद्रे चार मिलिमीटर अंतराने समभुज त्रिकोणांत मांडली तर ५१ टक्के. (वाचकांनी हे स्वतः काढून पाहावे, एका त्रिकोणात अर्धे वर्तुळ येते, एवढे सांगून ठेवतो.) शीतकाचा पंखा व जाळी यांच्यामध्ये फोमचे कडे बसविले, म्हणजे पंख्यास बाहेरचीच हवा मिळावी. गरम हवा बाहेर पडावी म्हणून पुढील भिंत २० मिलिमीटरांनी पुढे सरकविली आणि तीसही जाळी दिली. तारांनाही तेथे वळावयास जागा झाली. घनफळ ४.१ लिटर झाले. वाढलेली जागा ४२० घनसेंटिमीटर, एका तांब्याहूनही कमी; पण झाकण लावल्यावरही संगणक आता मंदावत नाही.

रंगाविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. पत्र्यावरील रंगाच्या थरातून वीज वाहत नाही. म्हणून जेथे विजेचा डबा पेटीस स्क्रूने जोडला जातो, तेथील रंग खरवडून काढावा लागतो, म्हणजे पेटी डब्यामार्गे जमिनीशी जोडली जाते. तो डबा मात्र कोणीही उघडू नये. संगणक बंद केल्यावरही त्याच्या आत धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

पेटी आज कप्प्यात बसली आहे आणि तिच्यावर तीन बोटे जागा मोकळी आहे. जाळीवर धूळ बसते, ती दर शनिवारी पुसण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे दिले आहे. बटणाचे छिद्र दोन मिलिमीटर डावीकडे आले होते. ते आम्ही कानशीने घासून मोठे केले, आणि नीट पाहिले तर ते अजूनही लांबट दिसते.